संक्रांत नक्की कुणावर आली? (म्हणी, त्यांच्या गोष्टी आणि काकांशी झालेलं भांडण)

बोरूबहाद्दर

मंडळी, दरवर्षी १४ जानेवारीला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. "संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार कुठून आला माहीत आहे का? १४ जानेवारी १७६१, ऐन संक्रांतीला पानिपतावर मराठ्यांचा घात झाला, म्हणून." खाली भगवा झेंडा, रडका चेहरा आणि लगेच तिळगूळ घ्या गोड बोला. पाठवणारे आमचे मोठे काका. इतकी वर्षं मी अंगठा दाखवून गप्प बसायचो, यंदा काय अंगात आलं कोण जाणे, मी उत्तर दिलं.

लढाई त्या दिवशी झाली यात वादच नाही. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती! संक्रांत ही तिथीवर नसते, सूर्य मकर राशीत कधी शिरतो त्यावर असते, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो त्यामुळे ती तारीख साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आता बऱ्याचदा १५ ला येते ते त्यामुळेच. गणित नको असेल तर सोपा पुरावा देतो, विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. म्हणजे १८६३ मध्येच ती १२ ला होती, तर त्याच्याही शंभर वर्षं आधी ती नऊ-दहा तारखेच्या आसपासच असणार. पानिपतावर भाऊसाहेब निकराला आले तेव्हा संक्रांत होऊन चार-पाच दिवस उलटून गेले होते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काका म्हणाले "तू कधीपासून इतिहासाचार्य झालास", आणि ग्रुप सोडला. काकूंनी त्यांना संध्याकाळी परत घेतलं ते सोडा.

मग संक्रांत वाईट का? माझ्या मते उत्तर पंचांगात आहे. आमची आजी नवीन पंचांग आलं की आधी संक्रांतीचं पान काढायची. तिथे ती बाई कशावर बसून येते ते लिहिलेलं असतं, म्हणजे वाहन वाघ, उपवाहन घोडा, अंगावर पिवळं वस्त्र, हातात गदा, कपाळी केशराचा टिळा, काय खात्येय, कुठल्या दिशेकडून येते, कुठे जाते आणि कुठे बघते. तिने जे नेसलं, जे खाल्लं ते महागणार, आणि जिकडे बघेल तिकडचं काही खरं नाही. आजी पान वाचून म्हणायची "यंदा बघत्येय आपल्याकडंच." आणि त्या वर्षी हळदीकुंकवाला पिवळं नेसायचं नाही. झालं की मग, संक्रांत येणे हे याहून सरळ कुठून यायचं? शिवाय दुसऱ्या दिवशी किंक्रांत, तो तर करिदिनच. पानिपत कशाला लागतंय.

तर धागा यासाठी काढला की अशा म्हणी आणि वाक्प्रचार तुमच्याकडेही असतील ज्यांच्यामागे एक झकास गोष्ट सांगतात आणि ती बहुतेक खोटी असते. टाका. गोष्ट पण सांगा आणि तुम्हाला ती पटते का ते पण सांगा.

डबा_नंबर_सात

काकूंना साष्टांग नमस्कार.

माझ्याकडून छत्तीसचा आकडा. याच्यात वाद नाही, ३ आणि ६ लिहून बघा, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत. ६३ लिहा, बोलायला लागतात. पण मला पडलेला प्रश्न असा की पत्रिकेत छत्तीस गुण म्हणजे पैकीच्या पैकी. मग आमच्या एका मित्राचे छत्तीसच्या छत्तीस जुळले होते आणि आता दोघांचा छत्तीसचा आकडा आहे, तर गुरुजींनी फसवलं म्हणायचं का गुरुजी खरंच बोलले?

मोडी_वळणदार

"ध चा मा" आला नाही अजून, म्हणून मीच काढतो.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी: राघोबादादांनी गारद्यांना लिहून दिलं "नारायणरावास धरावे", आनंदीबाईंनी ध चा मा केला, "मारावे" झालं, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात ऐन गणपतीत अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून झाला. खून, तारीख, सुमेरसिंग गारदी, थकलेल्या पगाराची बोंब, हे सगळं खरं. तो कागद मात्र आज कुणी दाखवू शकत नाही.

मी मोडी शिकलोय, फार नाही पण जुनी खरेदीखतं वाचून देतो लोकांना. हौसेने वहीत लिहून बघितलं. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग खाली अक्षरं लटकवत जायची, हात फार उचलायचा नाही. "धरावे" लिहिलं आणि मग त्या ध वर गिरवून म करायला गेलो. म एकवेळ होईल हो, पण पुढे काना द्यायचाय ना! नुसता म करून "मरावे" होतं. तो काना ध आणि र च्या मध्ये घुसवायचा म्हणजे बसमध्ये चौथ्या सीटवाला. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी नुसता डाग. असा कागद हातात पडला तर गारदीसुद्धा विचारेल की बाई हे काय.

आणि खरं सांगू का, मला ही गोष्ट दुसऱ्याच कारणासाठी खटकते. रामशास्त्र्यांनी चौकशी केली तेव्हा दोष कुणाच्या पदरात घातला? राघोबादादांच्या. लोकांनी मात्र एक अक्षर बदलून तो काकूच्या पदरात घातला. म्हणजे ध चा मा खरा कुणी केला ते तुम्हीच बघा.

ओसरीवरची

मोडीदादा, शेवटचं वाक्य आवडलं. पण एक शंका. गिरवायला कशाला पाहिजे? अख्खा कागद नवीन लिहिला असेल तर? वाड्यात कारकुनांची कमी होती काय.

मोडी_वळणदार

ताई मग तो ध चा मा राहिलाच नाही, सरळ खोटा हुकूम झाला. आणि खोट्या हुकमाची म्हण होत नाही, एका अक्षराची होते. तेच तर. गोष्ट इतकी नेटकी आहे की ती घडलेली नसून घडवलेली वाटते.

तिखटमीठ_मसाला

"कानामागून आली आणि तिखट झाली" कुणी सांगेल का? म्हणजे अर्थ माहितेय, आमच्या ऑफिसात माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली आता माझ्या रजा मंजूर करते, त्यामुळे अर्थ तर चांगलाच माहितेय. पण कानामागून काय येतं? आणि ते तिखट कसं होतं? मी लहानपणी समजायचे की कानामागे लावलेली काजळाची तीट. तीट, तिखट. हसू नका.

गोठ्यातला_गडी

हसत नाही, पण ताई तुम्ही कधी वासरू जवळून बघितलं नाही.

वासरू जन्मतं तेव्हा कान असतात, हे लांबलचक, लोंबते. शिंगं नसतात. शिंगाच्या जागी नुसता केसांचा भोवरा असतो, तिथं अंगठा फिरवला की कातड्याखाली सदऱ्याच्या बटणाएवढं काहीतरी लागतं. मग काही आठवड्यांनी ते बटण वर यायला लागतं, वासराला तिथं खाज सुटते, ते खुंट्याला, दावणीला, तुमच्या मांडीला डोकं घासत बसतं. वर्षभरात बघा, कान तिथंच लोंबतायत बिचारे आणि शिंग झालंय टोकदार. म्हणजे कानाच्या मागून काय आलं, शिंग. आता मागून म्हणजे पाठीमागे नाही, शिंग कानाच्या मागं नसतंच, वरच्या अंगाला पुढंच असतं. मागून म्हणजे नंतर. "तू हो पुढं, मी मागून येतो" म्हणतो ना, तसं.

आणि तिखट म्हणजे मिरचीचं तिखट नाही. तीक्ष्ण वरून तिखट, टोकदार. आमच्या वडलांनी मला हे गोठ्यातच सांगितलं होतं, शिंगानं माझा शर्ट फाटला त्या दिवशी.

तिखटमीठ_मसाला

बापरे, किती वर्षं मी स्वयंपाकघरात उभी राहून ही म्हण वापरतेय. पण मग दादा "आली" का? शिंग आलं, तिखट झालं असं पाहिजे ना? म्हणून तर ती बाई वाटते. सून, जाऊ, सवत.

मांडवीच्या_काठावरून

मी मूळचा पणजीचा, सध्या ठाण्यात, त्यामुळे मला वेगळीच गोष्ट माहिती. ही म्हण मिरचीची आहे. मिरची ही आपली नव्हेच, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात उतरली, त्याच्या आधी तिखटाला मिरी, आलं, पिंपळी. मागून आलेली मिरची मिऱ्यापेक्षा तिखट झाली आणि सगळ्या रांध्यात बसली. मिरची स्त्रीलिंगी, म्हणून आली आणि झाली. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

गोठ्यातला_गडी

आणि कान कुठं गेला? मिरी कानात घालायचे का तुमच्याकडं?

मांडवीच्या_काठावरून

तिथेच गाडी अडते खरी :)

शुद्धलेखन_कंटाळा

थांबा थांबा, हे व्याकरणात सुटतंय. शिंग एकवचन, शिंगं अनेकवचन. नपुंसकलिंगी अनेकवचनाचं क्रियापद काय होतं? फुलं आली. पानं पिवळी झाली. शिंगं आली, शिंगं तिखट झाली! म्हणजे "कानामागून आली आणि तिखट झाली" यात कुणी बाई नाहीच, दोन शिंगं आहेत. मराठीत एका बाईचं "आली" आणि अनेक शिंगांचं "आली" दिसायला सारखंच, त्यामुळे गोठा सुटला, गुरं गेली, लोक शहरात आले आणि शिंगांच्या जागी सून येऊन बसली. मी मास्तर नाही हो, पण हे लिहिताना अंगावर काटा आला.

ओसरीवरची

आता हे आमच्या सासूबाईंना कोण समजावणार. लग्न झाल्यापासून मी शिंग आहे.

गोदाकाठचा

नाशिककर हजर. "गंगेत घोडं न्हालं" बद्दल तीन गोष्टी ऐकल्यात. एक, अश्वमेधाचा घोडा, सगळीकडे फिरून आला, न्हाला, यज्ञ पार पडला. दुसरी मराठी फौजांची, दख्खनचं तट्टू चालत चालत थेट उत्तरेत गंगेला पोचलं, केवढं मोठं काम. दुसरी ऐकली की छाती फुगते, त्यामुळे तीच सगळीकडे फिरते.

पण मला सांगा, गंगा म्हटलं की सगळे काशी-प्रयागला का पळतात? आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे भाजी आणायला रामकुंडाच्या बाजूला जाऊन येतो. पूर आला की लोक "गंगेला पाणी आलं" म्हणून बघायला जातात आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं त्यावर पुराचं माप. मी शाळेत असताना टांगेवाले घोडे गंगेवर आणायचे धुवायला. घोडं पाण्यात पाय टाकायला तयार नसायचं. एक जण पुढून लगाम ओढतोय, एक मागून ढकलतोय, घोडं मान वर करून उभं, अर्धा तास हाच तमाशा. शेवटी एकदाचं पोटापर्यंत पाण्यात गेलं की टांगेवाला जे तोंड करायचा ना, ते तोंड म्हणजे ही म्हण. तिसरी गोष्ट ही माझी स्वतःची आहे, पुरावा शून्य, पण मी यावरून हलणार नाही.

डबा_नंबर_सात

गोदाकाठच्यांचं घोडं इथे न्हालं.

रंकाळ्यावरची_भेळ

कुठं राजा भोज आणि कुठं गंगू तेली. आमच्या कोल्हापूरकडं सांगत्यात की ही पन्हाळ्याची गोष्ट हाय. राजा भोज म्हणजे शिलाहार भोज, त्यानं गड बांधला, बुरूज सारखा ढासळायचा, मग गंगू तेलीण नावाच्या बाईचा बळी दिला आणि तट उभा राह्यला. शाळेच्या सहलीला गाइडनं अशी रंगवून सांगितली होती की आमच्यातली दोन पोरं रडली.

आणि दुसरी, जी सारखी फॉरवर्ड हुती, ती म्हणजे गंगू तेली हा एक माणूस नव्हंच, दोन राजे हायत. गांगेयदेव कलचुरी आणि चालुक्य तैलप. दोघांनी मिळून धारच्या भोजावर चाल केली, हरले, म्हणून गांगेय-तैलप चं गंगू-तेली. कुठली खरी?

शुद्धलेखन_कंटाळा

दोन राजांची गोष्ट ऐकायला भारी आहे पण तारखा आडव्या येतात. तैलप दुसरा ९९७ ला वारला. धारचा भोज गादीवर आला १०१० च्या सुमारास. मेलेला माणूस चाल करून कसा येणार. तैलपाचं वैर होतं ते भोजाच्या चुलत्याशी, मुंजाशी, त्याला पकडून मारलं. भोजाच्या वेळी चालुक्यांच्या गादीवर जयसिंह होता. मग म्हण "कुठे राजा भोज, कुठे गंगू जयसिंग" पाहिजे होती. गांगेयदेव तेवढा भोजाच्या वेळचा खरा.

घाण्याचा_बैल

इतका वेळ वाचत होतो. नावावरून कळलं असेल, आमच्या आजोबांचा लाकडी घाणा होता, करडई आणि शेंगदाणा. आमच्या घरात ही म्हण कुणी बोलत नाही. शाळेत मात्र ऐकली, गुरुजींनी वर्गात वापरली आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

दोन राजांची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगतो बरं वाटलं. म्हणजे तेल्याला नावं ठेवत नाहीत, राजांबद्दल आहे. मी ती चार जणांना पाठवली पण. पण नंतर विचार केला की हे तर उलटंच झालं. तेली असला तर लाज वाटायची आणि राजा निघाला की हायसं, म्हणजे म्हण जे म्हणत होती तेच मी पण मान्य केलं की. आता मी म्हणतो, गंगू तेलीच होता. पहाटे उठून बैल जुंपायचा, त्याच्या डोळ्याला झापड बांधायची, घाण्याच्या लाटेवर वजनाला दगड ठेवून वर स्वतः बसायचं, आणि दिवसभर गोल गोल. आजोबांच्या धोतराचा वास कितीही धुतलं तरी जायचा नाही. भोजाला म्हणावं एक दिवस बसून दाखव.

रंकाळ्यावरची_भेळ

दादा, शंभर टक्के. मी बी इचार न करता टाकली, माफी.

घाण्याचा_बैल

अहो माफी कसली, धागाच त्याचा आहे. लिहित रहा.

वसमतची_हळद

आमचा मराठवाडा राहिला का नाही नेहमीप्रमाणे? घ्या. "मोगलाई लागून गेली का?" पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात मोगलाई म्हणजे औरंगजेब, त्याने दख्खनमध्ये पंचवीस वर्षं धुमाकूळ घातला, त्यावरून. आता पेशव्यांचे कागद बघा, त्यात निजामाला सरळ "मोगल" म्हणलेलं असतं, कारण पहिला निजाम हा मोगलांचाच सुभेदार, १७२४ ला इथं स्वतःचं बस्तान बसवलं. त्यामुळे निजामाचा मुलूख तो मोगलाई. आमची पणजी शेवटपर्यंत म्हणायची "माझं माहेर इंग्रजीत, मला दिली मोगलाईत." इंग्रजीत म्हणजे नगर जिल्ह्यात! तिच्या बोलण्यात रुपये पण दोन, इकडचा हाली आणि तिकडचा कलदार. बाजाराला हद्दीपलीकडं गेलं की आधी विचारायचं, भाव हालीत का कलदारात.

१७ सप्टेंबर १९४८ ला आमची मोगलाई संपली. म्हणजे ही म्हण तीनशे वर्षांपूर्वीची नाही हो, माझ्या पणजीच्या अंगावरची आहे. आणि अजून एक, गंमत म्हणून सांगते, पणजी स्वतः ती म्हण उलटी वापरायची. रेशनच्या रांगेत कुणी घुसला की म्हणायची "मोगलाईत असं नव्हतं बाई."

बोरूबहाद्दर

हे भन्नाट आहे. "माझं माहेर इंग्रजीत." यावर वेगळा धागा काढा ना हळदताई.

मांडवीच्या_काठावरून

मिरचीत हरलो, आता "ढ" वर खेळतो. ढ मुलगा का म्हणतात? ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, क बदलला, म बदलला, एकटा ढ दोन हजार वर्षं होता तसाच. वर्ष उलटली तरी तिथंच बसलेला, म्हणून न शिकणारा तो ढ. ही गोष्ट मला कॉलेजात एका प्राध्यापकांनी सांगितली आणि मी त्या दिवसापासून सांगत फिरतोय.

मोडी_वळणदार

अक्षराचं अगदी बरोबर, ब्राह्मीतला ढ आणि आपला ढ समोरासमोर ठेवले तर सख्खे भाऊ. पण एक सांगा, कुठल्या शाळेतल्या कुठल्या पंतोजीला ब्राह्मी येत होती? ब्राह्मी वाचायची कशी हेच लोक विसरले होते, जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती उलगडली. त्याच्या आधी अशोकाचे शिलालेख म्हणजे लोकांना भीमाने केलेल्या रेघोट्या. मग ढ ची ही थोरवी कळणार तरी कुणाला होती? मला तर हे कुणा लिपीवाल्या विद्वानाने मागाहून जोडलेलं वाटतं, चहा पिताना. ढ हा आवाजच जड आहे हो. ढोर, ढेकूळ, ढिम्म, ढोल्या. ढ वरून सुरू होणारा एक तरी हुशार शब्द दाखवा.

मांडवीच्या_काठावरून

ढाल. ढाण्या वाघ. पण ठीक आहे, माझा आजचा दिवस नाही. मीच ढ.

शिळ्या_पोळीचा_लाडू

उशिरा आले. सगळ्याच गोष्टी पेशवाईत आणि निजामात अडकल्यात, एक त्याच्या किती तरी मागची देते. "हातच्या काकणाला आरसा कशाला". राजशेखराचं कर्पूरमंजरी म्हणून प्राकृत नाटक आहे, इसवी सन ९०० च्या आसपासचं, त्यात हेच वाक्य प्राकृतात आहे, हातातलं कंकण काय आरशात बघायचं. म्हणजे शिवाजी महाराज, यादव, ज्ञानेश्वर सगळ्यांच्या आधी लोक हे बोलत होते, आणि त्यालाही कुणीतरी बोलताना ऐकलं असेल म्हणूनच त्याने नाटकात घातलं. याच्यामागे लढाई नाही, राजा नाही, बळी नाही. एक बाई दुसरीला म्हणाली असेल, अगं बघ की स्वतःच्या हाताकडे. बहुतेक त्यामुळेच याचं फॉरवर्ड येत नाही.

लष्कराच्या भाकऱ्या पण तशाच. कुठलं लष्कर यावर आमच्याकडे दोन मामा भांडायचे, एक म्हणे पेशव्यांचं, एक म्हणे पुण्याच्या कॅम्पातलं इंग्रजांचं. मामी म्हणायची, लष्कर कुठलंही असो, भाकऱ्या कुणी थापल्या ते विचारा. गावावरून फौज गेली की वेठीला धरून पीठ मागायचे आणि बायकांना चुलीपुढे बसवायचे, पैसा नाही का आभार नाहीत. मामी हे बोलताना दोन्ही मामांना आणि त्यांच्या सहा मित्रांना भाकऱ्या वाढत असायची.

गोठ्यातला_गडी

मामींचा नंबर द्या, नांगरणीला आठ माणसं आहेत. (थट्टा हो.)

ओसरीवरची

गडीदादा, शिंगं आवरा.

बोरूबहाद्दर

मंडळी, एक बातमी. हा धागा काकूंनी काकांना दाखवला. काकांनी चष्मा पुसून पूर्ण वाचला म्हणे, अगदी घोड्यापर्यंत. संक्रांतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पंचांग मात्र काढून बसले आणि काकूंना म्हणाले "पुढच्या वर्षी कुठल्या रंगाची आहे बघून ठेव."

पण आज सकाळी ग्रुपवर नवीन मेसेज आलाय. "कात्रजचा घाट दाखवणे हा वाक्प्रचार कुठून आला माहीत आहे का?" आणि मग एप्रिल १६६३, लाल महाल, शाहिस्तेखानाची बोटं, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटाकडे सोडले, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज दुसरीकडून सिंहगडावर. खाली झेंडा, या वेळी रडका चेहरा नाही, दंड फुगवलेला.

आता पंचाईत अशी की शिंगांना पलिते बांधून बैल सोडायची हीच युक्ती हॅनिबलने इटलीत रोमन सेनापती फेबियसला दाखवली होती, इसवी सन पूर्व २१७. मी हे कॉलेजात वाचलंय, कधीपासून बोटं शिवशिवतायत. एकीकडे वाटतं दोन शहाण्या माणसांना एकच युक्ती सुचू शकते, त्यात काय. दुसरीकडे वाटतं की एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटली असेल. टाइप करून ठेवलंय, पाठवलेलं नाही. काय करू?

मोडी_वळणदार

पाठव. पण पुरावा जोडून.

वसमतची_हळद

नका पाठवू, रविवारी जेवायला तिकडेच जायचंय ना तुम्हाला.

घाण्याचा_बैल

मला वाटतं काकांना फोन करून सांगा. ग्रुपवर नको.

डबा_नंबर_सात

आधी काकूंना विचार.

बोरूबहाद्दर

विचारलं. काकू म्हणाल्या "त्यांना मी सांगते हॅनिबलचं, तू फक्त येताना पाव किलो फरसाण आण."